बाजरीचं पीठ आणि भूमचा प्रोसेसर

माझ्या गिरणीला लागून एक गाळा आहे. सध्या तिथं मोबाइलची कव्हरं विकणारा एक जण बसतो. त्याच्या आधी तिथं कॉम्प्युटरचा मास्तर होता. धाराशिवातली आमची सगळी गल्ली त्याला येडा म्हणायची. मी म्हणत नव्हते. येड्याला आपण काय करतो ते कळत नसतं. याला कळायचं, आणि तरी तो करायचा. अशा माणसाला काय म्हणतात ते मला माहीत नाही.

समोर मी त्याला तुम्ही म्हणायची आणि मागं तो. इथं मागचंच लिहिते.

मास्तर उंच होता आणि मानेत वाकलेला होता. लोक खिशाला पेन लावतात तिथं त्याचा स्क्रू ड्रायव्हर असायचा. लग्न केलं नव्हतं. जेवायला दोन्ही वेळा कोर्टाजवळच्या खानावळीत जायचा. पूर्वी तो एका खासगी क्लासात कॉम्प्युटर शिकवायचा. लोकांच्या हातात मोबाइल आले, क्लास ओस पडला आणि मालकानं तो बंद केला. मास्तर तिथली जुनी मशिनं टेम्पोत घालून माझ्या दारात उभा राहिला. मला वाटलं, भंगारवाला आला.

"मास्तर, भंगाराला गाळा देत नाही मी," मी म्हटलं.

"अक्का, ह्ये भंगार न्हाय. ह्ये रिटायर झालेत."

"म्हंजे तेच की."

"तसं म्हटलं तर आपण दोघंबी भंगारच मग," तो म्हणाला, आणि आत जाऊन जागा बघायला लागला. मी गाळा दिला. माणूस उद्धट होता, पण आवाज चढवत नव्हता. गिरणीवाल्या बाईला असा शेजारी बरा. आधीच कान गेलेले असतात.

पोटासाठी तो लोकांची कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. ते काम उरकलं की त्याचं खरं काम सुरू व्हायचं. प्रत्येक कॉम्प्युटरच्या आत प्रोसेसर म्हणून एक चौकोनी चकती असते. सगळा हिशेब, सगळी चित्रं तीच करते. कंपनी तिला एक वेग ठरवून देते. मास्तर तो वेग वाढवायचा. आठ-दहा वर्षांपूर्वीचा, लोकांनी टाकून दिलेला प्रोसेसर घ्यायचा, त्याला जादा वीज द्यायची, डोक्यावर मोठा पंखा बसवायचा आणि बघायचं, किती पळतो. मग नव्याच्या शेजारी लावून बघायचं, किती मागं राहतो.

पहिल्यांदा त्यानं मला हे सांगितलं तेव्हा मी म्हटलं, "म्हणजे दगडाच्या बाजूला लहान पुली घालायची. फेरे वाढतात."

तो माझ्याकडं बघतच राहिला. "व्हय. तेच."

"आणि पीठ जळतं."

"तेबी तेच," तो म्हणाला. "पीठ जळायच्या जरा अलीकडं थांबायचं. ती जागा हुडकायची. बास, एवढंच काम."

त्या दिवसापासून तो मला त्याच्या कामातलं सगळं सांगायला लागला. मी विचारलं नव्हतं.

त्याच्याकडं स्टीलचा गोल मसाल्याचा डबा होता. आत वाट्या असतात तसला. हळद-तिखटाच्या जागी त्या वाट्यांत प्रोसेसर ठेवलेले. त्यांना तो गावांच्या नावानं ओळखायचा. ज्या गावाहून मशिन आलं ते नाव. वाशीचा, कळंबचा, परंड्याचा. मधल्या वाटीत भूमचा. भूमच्या एका कॉलेजानं मोडीत काढलेल्या मशिनातला तो. सगळ्यांत जास्त वेग सोसायचा. त्याच कंपनीचा, त्याच जातीचा कळंबचा होता, तो मात्र जरा वाढवलं की मान टाकायचा.

"असं का?" मी विचारलं.

"सख्ख्या भावांत नसतं का? भूमचा कोरड्या मुलखात वाढलाय. त्याला सवय हाय."

"प्रोसेसर भूममधी वाढत नसतो, मास्तर."

"तुम्हाला गंमत कळत न्हाय, अक्का."

कळत होती. पण लगेच हसलं की माणसं चेकाळतात.

मास्तर मूळचा तेरखेड्याचा. फटाक्यांचं गाव. त्याचा बाप फटाक्याच्या शेडवर कामाला होता. मास्तरनं ते काम केलं नाही, पण त्या शेडमधल्या सवयी त्याच्या अंगात मुरल्या होत्या. प्रोसेसरचा वेग वाढवायच्या आधी तो गाळ्याच्या दारात पाणी शिंपडायचा. चपला बाहेर काढायचा. खिशातल्या किल्ल्या काढून माझ्या गिरणीच्या खिडकीत ठेवायचा. मग आत जाऊन, समोर कुणी असो नसो, मोठ्यानं म्हणायचा, "मागं सरा." त्या चकतीत दारू नव्हती की वात नव्हती. फार तर मशिन बंद पडलं असतं. एकदा दुरुस्तीला आलेल्या एका तलाठ्यानं विचारलं, "फुटतं का हे?" मास्तर म्हणाला, "अजून फुटलं न्हाय. मागं सरता म्हणूनच न्हाय."

दुसऱ्याच्या आळशीपणाची मात्र त्याला चीड होती. प्रोसेसर आणि पंखा यांच्यामध्ये एक पांढरी पेस्ट लावतात, उष्णता पुढं सरकावी म्हणून. एका माणसानं ती संपली म्हणून तंबाखूच्या डबीतला चुना लावला आणि मशिन का बंद पडतं म्हणून विचारायला आला. मास्तरनं चुना खरवडून काढला, मशिन नीट केलं आणि जाताना त्याच्या तळहातावर ती पेस्ट ठेवली. "आता ही तंबाखूत मळून खा. बघ कसं वाटतं." तो माणूस परत आला नाही. मास्तरला त्याचं काही वाटलं नाही.

आता भिंतीचं सांगते. माझी मोटर चालू झाली की आमच्या ओळीतले सगळे दिवे क्षणभर मंदावतात. मास्तरचं मशिन आधीच दमेपर्यंत पळवलेलं, ते तेवढ्यानं बंद पडायचं. पहिल्या महिन्यात आमची रोज भांडणं झाली. मग एक रीत ठरली. बटण दाबायच्या आधी मी किलोचं वजन भिंतीवर दोनदा आपटायचं. त्यानं पलीकडून "व्हय!" म्हटलं की मोटर चालू. "थांबा!" म्हटलं की थांबायचं. बायका डबे घेऊन खोळंबायच्या.

"काय गं, आता दळणालाबी मास्तरचा हुकूम लागतो का?"

"त्याचा घोडा पळतोय. पळून होऊ दे."

"गाढवाला घोडा म्हणून पळवतंय मेलं."

हे सगळं मास्तरला भिंतीपलीकडं ऐकू जायचं.  मग "व्हय!" जरा उशिरा यायचं.

या कटकटीमुळं त्यानं स्वतःची मोजणी दुपारवर नेली. जेवण करून मी गिरणी बंद ठेवते आणि पोत्यांशेजारी जरा आडवी होते. त्या वेळात त्याचं चालायचं. फडक्यानं पंखे पुसायचा, पाणी शिंपडायचा, किल्ल्या खिडकीत ठेवायचा. गल्लीत चिटपाखरू नसायचं. त्याचं आपलं "मागं सरा" चालायचं आणि मी त्यातच झोपायची. ही दुपार लक्षात ठेवा. पुढचा घोळ तिनंच केला.

नवा कॉम्प्युटर घ्यायचा तर गावातले निम्मे लोक आधी मास्तरकडं यायचे. तो विचारायचा, काम काय करता? मग बहुतेकांना सांगायचा, नवा घेऊ नका, आहे तोच नीट करून देतो. याचा राग एसटी स्टँडजवळच्या इरफानला यायचा. इरफान त्याचा क्लासातला विद्यार्थी. आता त्याचं काचेचं दुकान होतं, नव्या मशिनांचं. मास्तर त्या दुकानाची पायरी कधी चढला नाही. म्हणायचा, शिकवलेल्या पोराच्या दुकानात गिऱ्हाईक म्हणून जायचं नसतं. इरफान मात्र गिरणीवरून जाताना थांबायचा. "मावशी, तुमच्या मास्तरला सांगा की, माझं दुकान चालू द्या म्हणून." मी म्हणायची, तूच सांग, भिंत आपट.

माझी नात ईश्वरी माझ्याजवळच राहते. बांधकामाचा डिप्लोमा झाला तिचा. वर्षभर नोकरी शोधत होती. शेवटी गावातल्या एका इंजिनिअरनं तिला काम करून दाखवायला सांगितलं. भूम रोडला एक मंगल कार्यालय बांधायचं होतं. ते बांधून झाल्यावर कसं दिसेल त्याचं हलतं चित्र करायचं, म्हणजे आपण फाटकातून आत चालत गेल्यासारखं. चित्र पसंत पडलं तर नोकरी पक्की. नाही पडलं तर दुसरी एक मुलगी त्याच्या नजरेत होतीच. आमच्या ऑफिसात मशिन मोकळं नाही, घरी करून आण, असं त्यानं सांगितलं. कार्यालयाचे मालक येळवशीच्या, म्हणजे वेळ अमावास्येच्या, दुसऱ्या दिवशी सकाळी चित्र बघायला येणार होते.

ईश्वरीचा बाप म्हणजे माझा मुलगा इरफानकडून नवं मशिन आणायला निघाला होता. मास्तर त्याला गिरणीच्या दारातच आडवा आला.

"नवं घेऊ नका. भूमचा पुरतो."

"मास्तर, पोरीच्या नोकरीचा प्रश्न हाय."

"म्हणून तर सांगतोय. माझी जबान हाय."

इरफानच्या कानावर हे गेलं. दुसऱ्या दिवशी तो एक नवा प्रोसेसर बसवलेलं मशिन रिक्षात घालून थेट आला. "सर, होऊन जाऊ द्या. तुमचा भूमचा आन् माझा नवा. एकच चित्र दोन्हीवर लावा."

"दुपारी ये," मास्तर म्हणाला. "अक्काची गिरणी बंद असती तवा."

दुपारी मी झोपले नाही. चहा मागवला. मास्तरनं पाणी शिंपडलं. इरफाननं बूट बाहेर काढले, काय बिशाद होती न काढायची. "मागं सरा," मास्तर म्हणाला. ईश्वरी, इरफान आणि मी मागं सरलो. दोन्ही मशिनांवर ईश्वरीच्या कार्यालयाचं एक एक चित्र तयार व्हायला लागलं, वरून खाली, वळकटी उलगडत गेल्यासारखं. नव्याचं झालं तेव्हा इरफानच्या हातातला चहा अजून गरम होता. भूमच्याचं झालं तेव्हा कप धुऊन पालथे पडले होते.

"सर?" इरफान म्हणाला.

"तुझा पुढं हाय," मास्तर म्हणाला. लगेच. हे मी त्याच्याबद्दल सांगून ठेवते, आकडा समोर आला की तो कधी कां-कू करायचा नाही. स्वतःच्या विरुद्ध असला तरी.

मला एक कळेना. वेगाचा आकडा तर दोघांचा जवळपास सारखाच दिसत होता. "फेरे सारखेच, मग हा पुढं कसा गेला?" मी विचारलं.

"अक्का, दगडाला नवी टाकी लावली की काय हुतं?"

"तेवढ्याच फेऱ्यांत जास्त दळतं." टाकी लावणं म्हणजे झिजून गुळगुळीत झालेला दगड छिन्नीनं टोचून पुन्हा खरखरीत करणं.

"झालं तर. नव्याची टाकी चांगलीय. एका फेऱ्यात जास्त पीठ काढतो. वर माझ्यात दगड, म्हंजे कोर, चार, त्याच्यात डझनभर."

"मग म्हणा की सर, नवा घ्या म्हणून!"

"का म्हणू? घरच्या दळणाला कुणी डझनभर दगड बसवतं का? पोरीचं चित्र भूमच्यावर येळवशीच्या आदल्या रातीच होऊन बसतंय. मी हिशेब केलाय. मग त्याला आणखी लवकर करून काय कुणाला बक्षीस मिळतंय?"

हिशेब बरोबर होता. ईश्वरीनं पण करून बघितला. माझ्या मुलानं नवं आणायचा विचार सोडला. ईश्वरीनं मशिन घरी नेलं नाही, मास्तरच्याच गाळ्यात बसून काम करायचं ठरवलं, म्हणजे काही अडलं तर तो जवळ.

येळवस ही आमच्याकडची पौषाच्या तोंडावरची अमावास्या. त्या दिवशी सगळं गाव शेतात जेवायला जातं. बाजरीचे वाफवलेले उंडे, शेंगा-भाज्यांची डाळीच्या पिठातली भज्जी, आंबील, खीर. त्याच्या आधीचे दोन-तीन दिवस माझी गिरणी उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत थांबत नाही. बाजरी, डाळ, पुन्हा बाजरी. दुपारचं आडवं होणं सुद्धा नाही. भिंतीवर वजन आपटायलाही सवड नव्हती, म्हणून मास्तरनं कुठूनतरी जुना बॅटरीचा डबा आणून मशिनाला जोडला होता. आता दिवे मंदावले तरी मशिन बंद पडणार नव्हतं. पिठाची कुणाला आठवण झाली नाही.

येळवशीच्या आदल्या दिवशी सकाळी ईश्वरी गिरणीत आली. मोटरच्या आवाजात ती काय म्हणाली ते ऐकू आलं नाही. तोंड बघून कळलं. मी मोटर बंद केली.

"आज्जी, मशिन बंद पडतंय. चालू केलं की थोडं पळतं, की बंद."

पलीकडं मास्तरनं मशिनाचं झाकण काढलं होतं. पंख्याखाली पातळ पत्र्यांची एक जाळी असते, तिच्यातून गरमी बाहेर जाते. त्या जाळीत बाजरीचं पीठ इतकं घट्ट बसलं होतं, की त्यानं नखानं टोकरलं तर वडी निघाली. बाजरीचं पीठ तेलकट असतं, धरून बसतं. वारा आत जाईना, प्रोसेसर तापायचा आणि मशिन स्वतःला बंद करायचं.

"मास्तर, दार लावून घेत जा म्हणून किती वेळा सांगितलं," मी म्हटलं.

"दार लावल्यावर वारा कुठनं येणार?"

त्यानं ब्रशनं सगळं साफ केलं, पुन्हा चालू केलं. मी मोटर चालू केली. तास गेला नाही तोवर ईश्वरी पुन्हा दारात. तिनं माझ्याकडं बघितलं, मग डब्यांच्या रांगेकडं बघितलं. रांग रस्त्यावर गेली होती.

"आज्जी, आजच्या दिवस गिरणी बंद ठेव की गं."

रांगेत पहिली शांताबाई होती. "आगं ए पोरी, बंद ठिवून काय करू? उंडे काय चिखलाचे वळू?"

सगळ्या हसल्या. ईश्वरी हसली नाही.

"न्हाय जमायचं," मी म्हटलं. आजही तेच म्हणेन. नोकरी एका घरची होती आणि पीठ सगळ्या गल्लीचं.  वर्षभर ईश्वरी रोज सकाळी नटून कुठं ना कुठं विचारायला जायची आणि दुपारी गपचूप परत यायची, ते मला माहीत नव्हतं असं नाही.

मास्तर तिच्या मागं येऊन उभा राहिला. हातात पंखा, कोपरापर्यंत पीठ.

"अक्का, गिरणी बंद ठेवू नका."

"मी ठेवतच नाही."

"तसं न्हाय. ऐका." तो ज्वारीच्या पोत्यावर बसला. एवढ्या वर्षांत माझ्या गिरणीत तो पहिल्यांदा बसला. "गिरणी बंद ठेवूनच सगळा घोळ झाला. म्या आजवर जेवढं मोजलं, समदं तुमची गिरणी बंद असताना मोजलं. पंखे पुसून. गल्ली झोपल्यावर. आन् माणसं काम करणार गल्ली जागी असताना. एवढं साधं मला सुचलं न्हाय. बाप म्हणायचा, फटाक्याची माळ सावलीत बसून चांगली हाय म्हणू नको, जिथं उडवायची तिथं एक उडवून बघ. तेरखेड्याचा असून म्या सावलीत बसून जबान दिली."

"मास्तर, रडताय का काय?" शांताबाई म्हणाली. "रडा, पण पोत्यावरनं उठा, माझा डबा तिथं हाय."

तो उठला. गाळ्यात गेला आणि भूमच्याचा वेग खाली आणला. कंपनीनं दिला होता तेवढ्यावर. वाढवताना मी त्याला शंभरदा बघितलं होतं, कमी करताना एकदाच. पाणी शिंपडलं नाही, मागं सरा म्हणाला नाही. मशिन पळायला लागलं आणि पळत राहिलं. मग त्यानं आणि ईश्वरीनं हिशेब केला. उरलेलं चित्र या वेगानं वेळेत होत नव्हतं.

"इरफानकडं जा," मी म्हटलं.

"निघालोच."

आणि तो निघाला. तसाच, पिठानं माखलेला आणि अनवाणी. चपला दारात काढलेल्या होत्या, त्या तिथंच राहिल्या. ईश्वरी मागून त्या हातात घेऊन पळाली.

पुढचं ईश्वरीनं सांगितलं. दुकानात गिऱ्हाइकं होती. मास्तर पायरी चढला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "इरफान, माझी जबान चुकली. तुझं मशिन पायजे."

इरफानला तोंडसुख घेता आलं असतं. मीच असते तर घेतलं असतं. तो काउंटरच्या बाहेर आला. "सर, पयलं आत या हो. पाय भाजले असतील."

"थंडीय रे."

"मंग गारठले असतील. बसा. टेन्शन नक्को, सर."

ज्या मशिनानं चहाच्या वेळी बाजी मारली होती तेच त्यानं मोकळं करून दिलं.

येळवशीच्या दिवशी धाराशिव असं रिकामं होतं, की रस्त्यावर कुत्री मधोमध झोपतात. आम्ही सगळे शेतात गेलो. मास्तरनं ईश्वरीलाही शेतात पाठवून दिलं. "तू जा, चित्राजवळ म्या हाय." ती गेली, पण एक उंडा काही तिनं खाल्ला नाही. ऊन कलल्यावर मी दोघांसाठी डबा भरला आणि परत येताना तिच्यासोबत दुकानावर गेले.

सगळी दुकानं बंद, हे एकच उघडं. दुकानासमोर पाणी शिंपडलेलं होतं. आत मास्तर स्टुलावर, चपला बाहेर.

"मावशी, बघा की," इरफान म्हणाला, "सरनी माझं दुकान धुऊन काढलं. आन् मला सकाळपासनं मागं सरायला लावलंय. अजून किती मागं सरू? मागं भिंत हाय."

"अक्का, बघा," मास्तर म्हणाला.

चित्र पूर्ण झालं होतं. पडद्यावर आपण फाटकातून आत गेलो, पायऱ्या चढलो, मोठ्या हॉलमध्ये आलो. खुर्च्या मांडलेल्या, दिवे लागलेले, माणूस एक नाही. त्या दिवशीच्या गावासारखंच. ईश्वरी खाली फरशीवर बसली आणि तिथंच डबा उघडून खायला लागली.

"टाकी लई भारी हाय, अक्का," मास्तर म्हणाला. त्याला खरंच आनंद झाला होता. हरलेल्या माणसाला इतका आनंद झालेला मी बघितला नव्हता.

इरफाननं संधी साधली. "मग सर, आता लोकांना नवाच घ्या म्हणून सांगणार ना?"

मास्तरनं भज्जीचा घास गिळला. "तुझ्या दुकानात काच हाय, एसी हाय. अक्काच्या गिरणीशेजारी ठेवून मोजल्याबिगर म्या कायबी बोलणार न्हाय."

इरफाननं कपाळाला हात लावला.

ईश्वरीला नोकरी लागली. मालकांना फाटक वाकडं वाटलं, बाकी पसंत पडलं. आता ती ऑफिसच्या मशिनावर काम करते. पुढं एकदा तिनं मास्तरला विचारलं, तुम्ही इरफानकडं गेला नसता तर? तो म्हणाला, "तर तू मला शिव्या दिल्या असत्यास आन् त्या बरोबर असत्या."

पण खरी कटकट मला झाली. येळवस संपली, गिरणी दुपारची पुन्हा बंद व्हायला लागली. मी आडवी झाले की पलीकडून भिंतीवर ठकठक.

"अक्का, चालू करा की!"

इतकी वर्षं "थांबा" म्हणणारा माणूस हा.

"काय दळू? माझं डोकं?"

"रिकामी फिरवा."

"रिकामी फिरवली की दगडाला दगड घासतो. झोपू द्या."

दुसऱ्या दिवशी दुपारी तो ज्वारीचा डबा घेऊन आला. नवीन डबा, आडत बाजारातून आणलेली ज्वारी. आता गिऱ्हाइकाला नाही कसं म्हणणार? मी गिरणी चालू केली. तो पळत आत गेला. पाणी शिंपडल्याचा आवाज आला, मग "मागं सरा." दळून झाल्यावर मी हाक मारली, पीठ घेऊन जा म्हणून.

"कुठं नेऊ? माझ्याकडं चूल हाय का?"

ते पीठ मी ठेवून घेतलं. मग रोज तेच. वाशीचा, कळंबचा, परंड्याचा, भूमचा, एकेक करून सगळा मसाल्याचा डबा त्यानं गिरणी चालू असताना पुन्हा मोजला. इरफानचा नवाही. इरफान तो चादरीत गुंडाळून घेऊन आला आणि पूर्ण वेळ चादर हातात धरून उभा राहिला. पीठ बसलं तसा नवाही तापला, पण बंद पडला नाही, आपला आपण हळू झाला. "शहाणा हाय," मास्तर म्हणाला. "माझ्यापरीस." त्या दिवसांत आमच्या घरी भाकरी झाल्या त्या सगळ्या मास्तरच्या ज्वारीच्या. वेग वाढवायचं त्यानं सोडलं नाही. पण पीठ जळायची जागा आता त्याला बरीच अलीकडं सापडायला लागली.

आणि एक फरक पडला. पूर्वी कुणी सल्ला विचारायला आलं की तो विचारायचा, काम काय करता? आता आधी विचारायचा, "तुमच्या शेजारी काय हाय?" लोक चक्रावायचे. एकानं सांगितलं, वेल्डिंगचं दुकान. एकानं सांगितलं, कोंबड्या. मास्तर दोघांच्या घरी जाऊन, बसून, बघून आला आणि मगच बोलला. कोंबड्यावाल्याला त्यानं नवा घ्यायला सांगितलं. इरफाननं त्या दिवशी आम्हाला पेढे दिले.

गेल्या उन्हाळ्यात मास्तर गेला. खानावळीतून येताना छातीत दुखलं, दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं. पुतण्या तेरखेड्याहून आला, घेऊन गेला. मशिनं इरफाननं नेली. मसाल्याचा डबा ईश्वरीनं मागून घेतला.

त्या दिवशी सकाळीच तो ज्वारीचा डबा माझ्या खिडकीत ठेवून गेला होता, दुपारसाठी. कुठलं मशिन मोजायचं होतं ते सांगितलं नव्हतं. दोन दिवस डबा तिथंच होता. तिसऱ्या दिवशी जेवण करून मी आडवी झाले, झोप लागेना, उठले. भिंतीवर वजन आपटलं, हाताची सवय. थोडी थांबले आणि बटण दाबलं. उन्हाळ्यात ज्वारी नुसती ठेवली की किडे होतात.

पीठ जाडसर आलं. दगडाला टाकी लावायची वेळ झाली होती.